रस्ता उंच झाला तेव्हा

मेडशीतल्या अंगणवाडीत रत्नमालाबाईंनी तीस वर्षं मदतनीस म्हणून खिचडी शिजवली. गल्लीतली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातचं खाऊन वाढलेली, म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी. काम सुटलं तोवर त्यांना शुगर होती, बीपी होता आणि दोन्ही गुडघे झिजले होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मावशी चालायच्या, पण दारोदारी थांबत, कुणाचं पोर कितव्या वर्गात गेलं ते विचारत.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता उंच झाला आणि मावशीचं घर खाली राहिलं. बाहेर पडायचं तर गुडघाभर चढावं लागे. पहिल्याच आठवड्यात त्या पडल्या, कोपर सोललं. कुणाला सांगितलं नाही. बाहेर जाणंच सोडलं. मंगळवारी उपकेंद्रात तपासणी असे, तीही चुकली. गोळ्या संपल्या.

दोन महिन्यांनी गावची आशा सेविका सपना घरी आली, तेव्हा मावशीचे पाय सुजलेले आणि शुगर तीनशेच्या वर. सपना रागावली. मावशींनी आधी उन्हाचं कारण सांगितलं, मग घरकामाचं. शेवटी हळूच म्हणाल्या, "मले त्या रस्त्यावर चढताच येत नाही, बाई. लोकायले काय सांगू?"

सपनाने गल्लीतल्याच अश्वजितला बोलावलं. तो गवंडी. संध्याकाळी थापी, विटा घेऊन आला. दिवसभर राबून आलास, घरी जा, असं मावशी त्याला सांगत राहिल्या.

"मी जेवत नव्हतो तं तुमी मले मांडीवर घेऊन चारलं," तो म्हणाला. "आता गुमान बसा."

त्याने तीन बुटक्या पायऱ्या बांधल्या, धरायला लोखंडी पाइप रोवला. समोरच्या प्रयागबाईंनी चार दिवस पायऱ्यांवर पाणी मारलं आणि बकऱ्या हाकलल्या. उपकेंद्रापर्यंत मावशीला एका दमात जाववणार नाही, हे ओळखून त्यांनी आपल्या दारात सावलीला खुर्ची ठेवली. ते पाहून पुढच्या दोन घरांनीही ठेवली.

गुडघे अजून दुखतातच. शुगर मात्र हळूहळू दोनशेच्या खाली आली.

पायऱ्या झाल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी उपकेंद्रापर्यंतच्या दोनशे पावलांना मावशींना पाऊण तास लागला. उपकेंद्राच्या दारात वाट पाहणाऱ्या सपनाने उशिराचं कारण विचारलं.

"लोकं बसवून घेतेत," मावशी म्हणाल्या आणि बीपी तपासायला हात पुढे केला.