रेडिओकाकांचा सांधा

रेडिओकाका गेली बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, पण त्यांचं नाव काही बदललं नाही. पूर्वी त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांच्या घरातून रेडिओ गेले, तसे काका टेबलावरून उठून बॉनेटखाली वाकले. टेबल मात्र त्यांनी सोडलं नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीशी ते अजून आहे. त्याच्यावर भाजल्याचे काळे ठिपके आहेत, दांडी तुटलेलं एक भिंग आहे, आणि कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न तापत असतं. दुकानात शिरलं की आधी राळेचा वास येतो, मग काका दिसतात.

सोल्डरिंग हा त्यांचा जीव. तारेचं प्लास्टिक सोलायचं, आतले तांब्याचे केस एकमेकांत गुंफायचे, खालून आयर्न टेकवायचं आणि वरून सोल्डरची, म्हणजे कथलाची तार. ती वितळून तांब्याच्या केसाकेसात शिरली, की काका श्वास रोखायचे. थंड झालेला सांधा भिंगाखाली धरून म्हणायचे, "असा झाला पाहिजे, की आपण कधी तुटलो होतो हे तारेलाही आठवू नये."

रस्त्याच्या पलीकडे याच धंद्यातलं दुसरं दुकान होतं. ते डेपोवाल्यांचं. तीस वर्षं बस डेपोत वायरिंग करून निवृत्त झालेले हे गृहस्थ सोल्डरच्या वाटेला जात नसत. तांब्याच्या लहानशा नळीत दोन्ही बाजूंनी तारा घालायच्या आणि पक्कडीने नळी दाबून टाकायची, ही त्यांची रीत. तिला क्रिम्पिंग म्हणतात, हे मला काकांच्या टोमण्यांमुळेच कळलं.

"काय हो डेपोवाले, आज किती तारांचे कान पिळले?" काका इकडून ओरडायचे.

"पिळले आणि विसरलो! तुमचे दागिने घडवून झाले का?" तिकडून उत्तर यायचं.

दोघांची भांडणं कधी झाली नाहीत, पण एकमेकांच्या दुकानाची पायरीही दोघं चढले नव्हते.

आमच्या गाडीचा आणि काकांचा संबंध उंदरांमुळे आला. दोन आठवडे गाडी बंद उभी होती, तेवढ्यात उंदरांनी इंजिनाजवळची तारांची जुडी कुरतडली. सात तारा तुटल्या होत्या. काकांनी सात सांधे केले. मी तिथेच स्टुलावर बसून पाहिलं. एकेक सांधा मण्यासारखा चकचकीत. आमच्या सासूबाईंचा जुना रेडिओ काकांनीच तीनदा जिवंत केला होता, त्यामुळे काका त्यांना वहिनी म्हणत आणि मला सूनबाई. काम झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, गाडी भंगारात जाईल, पण हे सांधे सुटायचे नाहीत."

त्यानंतर महिन्याभरात सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, अठरा किलोमीटर जायचं, चार तास मशीनवर, मग परत. ह्यांची नोकरी फिरतीची, म्हणून गाडी मीच चालवायची. मागच्या सीटवर उशी, पाणी आणि ओकारी आली तर एक डबा. मशीनवरून उतरल्यावर त्यांचा रक्तदाब खाली जायचा, मग त्या आडव्याच व्हायच्या. आपल्या गाडीत त्यांना तसं पडता येई, याचंच मला मोठं समाधान होतं.

चार महिन्यांनी गाडी चढावर बंद पडली. काही आवाज नाही, धूर नाही, नुसती गप्प. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर चालू! मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॅटरी बदलली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्यांनी एक रिले, म्हणजे विजेचा खटका, बदलला. काकांकडे जावं असं माझ्या मनात आलंच नाही, कारण काकांनी केलेल्या कामात काही बिघडू शकतं, ही शंकाच कुणाला नव्हती.

तिसऱ्या वेळी गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि पाऊण तास सुरूच झाली नाही. आम्ही पोचलो तेव्हा मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबून सासूबाईंना कसेबसे दोन तास मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांची पावलं सुजली. रात्रभर त्या पाठीला उशा लावून बसून होत्या, आडवं झालं की दम लागायचा. सकाळी मला म्हणाल्या, "अगं, गाडीला सांग, मला अजून थोडं जगायचंय म्हणून." बोलल्या हसतच, पण मला काही हसू आलं नाही. पुढची पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि ती चुकून चालणार नव्हतं.

मी गाडी सरळ काकांच्या दारात नेऊन उभी केली.

काकांनी टेस्टर लावला. वीज सगळीकडे व्यवस्थित. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ती जुडी हाताने हलवली. इंजिन बंद पडलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. जुडी सोडवली आणि एकेक तार दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढत गेले. पाच तारा ताठ राहिल्या. सहावी रबरासारखी लांबली.

"तांबं तुटलंय," ते म्हणाले. "वरचं प्लास्टिक नुसतं ओढलं जातंय."

"सांध्यात?"

काकांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना पक्कड लावली. तो तुकडा कापला, टेबलाशी गेले, भिंगाखाली धरून प्लास्टिक सोललं. मग मला बोलावलं. सांधा जसाच्या तसा होता, अजूनही चमकत होता. त्याच्यापासून अर्ध्या बोटावर, प्लास्टिकच्या आत, तांब्याचे सगळे केस एका रेषेत तुटले होते. टोकं जवळ होती तोवर वीज जायची. इंजिन हललं की टोकं दूर व्हायची.

"सोल्डर केसाकेसातून पुढे झिरपलं," काका सावकाश बोलत होते. "जिथवर झिरपलं तिथवर तार काठीसारखी कडक. पुढे मऊ. इंजिन दिवसभर थरथरतंय, मग तार वाकणार कुठे? कडक जिथे संपतं तिथेच. रोज, त्याच जागी."

"कांजी केलेलं कापड घडीवर विरतं, तसं?" मी विचारलं.

"अगदी तसं." मग ते स्टुलावर बसले. "सूनबाई, बॅटरीचा दोष नव्हता, रिलेचाही नव्हता. ही माझी चूक. रेडिओ टेबलावर बसून असतो, त्याला कोण हलवतंय? मी गाडीला रेडिओसारखं जोडलं."

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे. तो तुकडा त्यांच्या हातात होता. मला तारेतलं ओ की ठो कळत नाही. "उंदरांनी पुन्हा चावलं" असं म्हणून त्यांनी नवी तार घातली असती, तर मी आभार मानून गाडी घरी नेली असती. बावीस वर्षांचा लौकिक एका खोट्या वाक्यात वाचला असता. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. मी त्यांची ऋणी आहे ती आधी यासाठी.

"मग आता?" मी विचारलं. "उद्या सकाळी आठला निघायचंय."

काका रस्त्यापलीकडे बघत होते. "फार वर्षांपूर्वी मीही नळी दाबून पाहिली होती. साध्या पक्कडीने. आठवड्यात तार हातात आली. तेव्हाच कानाला खडा लावला होता." त्यांनी तो कापलेला तुकडा रुमालात घेतला. "चला."

"कुठे?"

"जिथे मी कधी गेलो नाही तिथे."

डेपोवाले एका ट्रकच्या दिव्याशी झटत होते. काकांना पायरीवर पाहून त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"रस्ता चुकलात की काय?"

"नाही हो. शिकायला आलोय." काकांनी रुमाल उघडून तुकडा पुढे केला.

डेपोवाल्यांनी तो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. आता काहीतरी बोचरं ऐकायला मिळणार म्हणून मी अंग चोरलं. ते म्हणाले, "सांधा काय सुरेख केलाय! माझ्याच्याने सात जन्मांत होणार नाही." मग हळूच जोडलं, "पण जागा चुकली."

"तेच सांगायला आलोय."

"बसा मग. आणि तुमचं ते आयर्न बंद करून आलात ना? नाहीतर दुकान पेटायचं आणि नाव माझं व्हायचं."

त्यांनी खणातून लांब दांड्यांची पक्कड काढली. "ही साधी नव्हे. हिचा दाब पूर्ण बसल्याशिवाय तोंडच उघडत नाही. अर्धवट कामाचा हिला भारी राग, आमच्या डेपोतल्या साहेबासारखा." तारेच्या जाडीची नळी निवडायची, तांब्याचा एकही केस बाहेर राहू द्यायचा नाही, दाबायचं, आणि मग दोन्ही हातांनी चांगलं ओढून बघायचं. त्यावर आतून गोंद लावलेली प्लास्टिकची नळकांडी चढवून गरम हवा द्यायची, म्हणजे ती आवळते आणि आत पाणी शिरत नाही.

काकांनी पहिला सांधा केला. डेपोवाल्यांनी ओढला, तार सटकन बाहेर आली.

"नळी मोठी घेतलीत. बापाचा बूट घालून पोरगं पळेल का?"

दुसरा टिकला. तिसऱ्यात दोन केस बाहेर राहिले, तो काकांनीच कापून टाकला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून पुन्हा पुन्हा करत होता, आणि डेपोवाले प्रत्येक सांधा ओढून बघत होते. सात ओळीने टिकले तेव्हा म्हणाले, "जा आता. आणि ऐका, डॅशबोर्डाच्या मागचे, मीटरमधले तुमचे सांधे उकरत बसू नका. तिथे काही हलत नाही, तिथे सोल्डरच बरं. मीटरवाली गिऱ्हाइकं मी तुमच्याकडेच धाडतो, माहीत नाही वाटतं?"

काकांना माहीत नव्हतं. ते पक्कड उसनी घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गाडीचे सातही सांधे काढून नवे केले. इंजिन हललं तरी तारेला ओढ बसू नये म्हणून जुडी थोडी सैल ठेवून पट्टीने बांधली. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी आठवून आठवून जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले आणि इंजिनाजवळचे सांधे बदलून दिले, हे मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. "रोज तोंड दाखवायला लाज वाटते म्हणतात, आणि रोज फोन करतात," ती म्हणाली.

गाडी नीट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला काका आमच्या फाटकाशी उभे. हातात हत्यारांची पिशवी.

"काका, तुम्ही?"

"मी येणार बरोबर. ओढून पाहिलंय, पण रस्ता वेगळं ओढतो."

सासूबाई मागे उशीला टेकून बसल्या बसल्या म्हणाल्या, "या हो रेडिओवाले. गाणी लागत असतील तर लावा."

काका माझ्या शेजारी बसले. वाटेत खड्डा दिसला की मी चुकवायची, तर म्हणायचे, "घ्या, घ्या, त्यातूनच घ्या." तिसऱ्या खड्ड्याला मागून आवाज आला, "अहो, गाडीची परीक्षा घेताय की माझी?" त्यावर आम्हा तिघांत काकाच आधी हसले. चढ आला. मी गिअर खाली घेतला. काकांनी डोळे मिटले होते आणि कान इंजिनाकडे लावले होते. गाडी चढ चढून गेली.

आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो. सासूबाईंना त्यांचं मशीन मिळालं, पूर्ण चार तास. मी काकांना रिक्षाने परत जायला सांगितलं, आज दुकान बंदच ठेवलंय, थांबतो म्हणाले, तरी मी आग्रह केला. त्यांनी मान डोलावली.

दुपारी मी व्हीलचेअर ढकलत बाहेर आले, तर काका गाडीपाशी सावलीत उभे. बॉनेट उघडं, आणि ते एकेक सांधा पुन्हा बोटांनी ओढून बघत होते.

"अहो, चार तास इथेच?" सासूबाईंचा आवाज थकलेला होता, पण दम लागत नव्हता. "जेवलात तरी का?"

"घरी पोचल्यावर जेवतो, वहिनी," काकांनी बॉनेट लावलं आणि त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं. "परतीचा रस्ता राहिलाय अजून."