जस्त त्यांचं, मुशी आमच्या

हुरमीकाकीला चोर म्हणणारा माणूस तिच्याच खाटेवर बसला होता आणि तिच्याच हातची मक्याच्या पिठाची ताकातली राब भुरकत होता. "मावशी, ही भिंत चोरीच्या मालाची आहे," असं म्हणून त्यानं वाटी पुढे केली, आणखी मागितली. काकीनं वाढली. तिच्या जागी मी असतो तर डोक्यावर ओतली असती.

मी तिचा शेजारी, जावर ते उदयपूर जीप चालवतो. हा साहेब शहरातल्या एका संग्रहालयाचा होता. बरोबर दोन पोरी आणि एक कॅमेरा.

"कुणाचा माल चोरला मी?" काकीनं विचारलं.

"या मुशी प्राचीन आहेत. देशाचा ठेवा आहे हा."

"मग देश इतके दिवस कुठं गेला होता? पावसात ही भिंत मी एकटी लिंपत होते, तेव्हा नाही दिसला कधी."

जावरला डोंगराच्या पायथ्याशी कुठंही कुदळ मारा, मूस निघते. वांग्याच्या आकाराची, दीड वीत लांब, भाजलेल्या मातीची. आमचे वाडवडील त्यात खनिज भरून ती भट्टीत उलटी लावायचे. जस्ताची वाफ नळीतून खाली उतरायची आणि गार भांड्यात गोठायची. एक मूस एकदाच कामाला यायची, मग फेकून द्यायची. जस्त राजाच्या कोठारात गेलं आणि फेकलेल्या मुशी आमच्या वाट्याला आल्या. त्यांच्या आम्ही भिंती रचल्या. आता त्यांना तो कचरासुद्धा हवा होता, आणि वर आम्हीच चोर!

ही भिंत काकीनं आणि तिच्या नवऱ्यानं, वेसाकाकानं, लग्नानंतर रचली. काका चिखल कालवायचा आणि काकी ढिगाऱ्यावरून डोक्यावर मुशी आणायची. रचताना मुशींची तोंडं त्यांनी घराच्या आतल्या बाजूला ठेवली. बाकीचे लोक मुलांची नाळ अंगणात पुरतात. काकी म्हणायची, अंगण डुकरं उकरतात, भिंत कोण उकरणार? मुशीच्या तोंडातला जळका चुरा खरवडून तिनं थोरल्या मुलाची, रूपाची नाळ एका मुशीत ठेवली आणि वरून मातीचं बूच मारलं. धाकट्या नवलीची दुसरीत. रूपा मोठा होऊन अहमदाबादेला फरशा बसवायला गेला. नवली पावलं टाकायच्या आधीच तापानं गेली. तिचा ना फोटो, ना बाळलेणं. जे काय होतं ते त्या एका मुशीत. तिच्या तोंडाशी घडवणाऱ्याचा अंगठा उमटलेला होता, त्यावरून काकीला ती अंधारातही सापडायची. सणावाराला घर सारवताना काकी त्या बुचावर हात जरा जास्त वेळ ठेवायची, एवढंच. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही, भांडताना मात्र रोज.

साहेब पुन्हा आला तो खटल्याची भाषा घेऊनच. भिंत द्या, विटांची पक्की भिंत बांधून देतो, नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या चढा. रूपा फोनवर म्हणाला, "दे ना आई, कुठं वाद घालत बसतेस." काकी दोन दिवस रूपाशी फोनवर भांडली. मग साहेब उत्तर घ्यायला आला, तेव्हा तिनं त्याला आत नेलं आणि अंगठ्याची मूस दाखवली.

"सगळी न्या. ही एक माझी. हिच्यात माझी पोर आहे."

साहेबानं मान डोलावली. तोंड अगदी गंभीर केलं. खिशातून खडू काढून त्या मुशीभोवती गोल काढला. "विसरायला नको म्हणून," तो म्हणाला. मला वाटलं, चला, माणूस निदान माणूस आहे.

मजूर आले ते ठरल्याच्या आदल्या दिवशी. काकी डोंगरावर चारा कापायला गेली होती, मी जीप घेऊन शहरात. मजुरांना साहेबानं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. खडूचा गोल दिसला, म्हणजे ही खास असणार, म्हणून त्यांनी तीच सगळ्यांच्या आधी काढली, कापसात गुंडाळली आणि पेटीत घातली. काकी भारा घेऊन परतली तेव्हा घरात उभं राहून पलीकडची नदी दिसत होती.

मी फोन लावून दिला. काकीनं साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, सुखरूप आहे ती. नव्या दालनाच्या उद्घाटनाला या, हातात देतो."

मी तिला घेऊन गेलो. तिनं लाल लुगडं नेसलं होतं आणि मूस आणायला एक मऊ जुनी ओढणी घेतली होती. दालनात गारठा, अत्तराचा वास, खुर्च्यांवर पाहुणे. पुढे दोरीपलीकडे आमच्या काकीची भिंत. प्रत्येक मुशीच्या तोंडात एक-एक पिवळा दिवा बसवलेला.

काकी दिव्यांकडे बघत राहिली. "बुचं कुठं गेली?"

"ओळखली ना भिंत?" साहेब खुशीत होता. "सगळ्या मुशी आतून धुऊन काढल्या. काय माती अडकली होती हो!"

"ती माती कुठं टाकलीत?"

"माती?" तो हसला. "वाहून गेली असेल. माती ती माती. आणि मावशी, ती एक मूस आता काढता यायची नाही. वरच्या कोसळतील."

मी त्याची गचांडी धरायला निघालो होतो. काकीनं मला हातानं मागे सारलं आणि ती बाहेर गेली. मला वाटलं, आता तरी रडेल.

ती परत आली तेव्हा तिची मूठ चिखलानं भरलेली होती. दारातल्या कुंडीतली माती, प्यायच्या माठातलं पाणी. दोरी ओलांडून ती सरळ भिंतीपाशी गेली, बोटं फिरवून अंगठ्याची मूस शोधली, आतला दिवा उपटून फेकला आणि तोंडात चिखल दाबून भरला. मग तळवा फिरवून ते तोंड गुळगुळीत केलं.

"अहो बाई! हात लावू नका!" रखवालदार ओरडला.

"माझं घर आहे. सारवतेय."

पाहुणे उठून उभे राहिले. साहेबाचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस पक्का. माईक ओढून म्हणाला, "मंडळी, हे पाहताय ना? भिंत लिंपायची पारंपरिक पद्धत! खास जावरहून आल्यात या." आणि टाळ्या पडायला लागल्या. कॅमेरे लखलखले.

काकी वळली. हात मनगटापर्यंत चिखलाचे.

"टाळ्या कशाला वाजवताय?" ती म्हणाली. "हिच्यात माझी पोर होती. धुऊन टाकली यांनी."

पुढच्या रांगेतले हात थांबले. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते वाजवतच राहिले.