कुंग फूची घरगुती परीक्षा

चिनी युद्धकला खरोखर उपयोगाची असते का, हे तपासण्यासाठी मी एकदा स्वतःच्या मुलीवर हल्ला केला.

कोणी पोलिसांना फोन करण्याआधी (तोही प्रयत्न झालाच, पण ते पुढे येईल) पार्श्वभूमी सांगतो. आम्ही सिंगापूरात हौगांगला राहायचो. इरा तेरा वर्षांची, नुकतीच सेकंडरी शाळेत गेलेली, आणि तिला एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, एकटीला शाळेत जायचं होतं. वर्गातली सगळी मुलं एकटी येतात, फक्त हिलाच सोडायला बाबा येतो, तोही तिची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, ही तिची तक्रार. माझ्या बायकोचं, मुग्धाचं, म्हणणं असं की इथे पहिलीतली पोरं बसने एकटी जातात, हिला काय होणार आहे? दोघींचं बरोबर होतं. पण मला भीती वाटायची. कशाची, ते सांगता यायचं नाही. बापाच्या भीतीला कारण लागत नाही. म्हणून मी अट घातली: आधी कुंग फू शिक, मग एकटी जा.

अट मला फार हुशारीची वाटली होती. लहानपणी पुण्यात भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटी बघून माझी पक्की समजूत झाली होती की चिनी माणूस चहा पिता पिता दहा जणांना लोळवतो. (आमच्या शेजारचे चिनी गृहस्थ झुरळ दिसलं की मला हाक मारायचे. पण एका झुरळावरून अख्ख्या परंपरेला नावं ठेवू नयेत.) कम्युनिटी क्लबात नाव घालायला गेलो तर सर निघाले तमिळ! सेल्वम नावाचे, माझ्याहूनही बारीक. मी तोंड पाडून घरी आलो. मुग्धा म्हणाली, तू पुण्याचा असून जपानी बँकेची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतोस, तेव्हा कोणी कुरकुर केली का? यावर मी विषय बदलला.

इरा क्लासला जाऊ लागली, पण घरात काही फरक दिसेना. लाथ नाही, आरोळी नाही, एक कपसुद्धा फुटला नाही. विचारलं तर म्हणे, सर सध्या नीट उभं राहायला शिकवतायत. फी भरून उभं राहायचं? ते तर आम्ही एमआरटीत रोज करतो! तरी तिचं टुमणं चालूच, आता जाऊ का एकटी? मी म्हणालो, परीक्षा घेतल्याशिवाय नाही. परीक्षा कधी, ते सांगितलं नाही. चोर काय टाइमटेबल देऊन येतो?

त्याच सुमारास शेजारच्या देशातल्या जंगलांना आगी लागून सिंगापूरभर धूर पसरला होता आणि जो तो तोंडाला मास्क लावून फिरत होता. मला वाटलं, देवच मदतीला धावला. एका शनिवारी संध्याकाळी इराचा क्लास सुटायच्या वेळी मी मास्क लावला, टोपी कपाळावर ओढली, रेनकोट चढवला आणि आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, एका खांबामागे उभा राहिलो. इराचं कोपर पोटात बसणार हे गृहीत धरून रेनकोटाच्या आत सोफ्याची उशीही बांधली होती. पाऊस अर्थातच नव्हता.

पलीकडच्या बाकांवर चार-पाच चिनी आज्या बसल्या होत्या. एरवी त्या रोज सकाळी तिथेच ताई ची करायच्या. धुरामुळे व्यायाम बंद होता, गप्पा चालू होत्या. त्यांचे ते हात मी खिडकीतून बघायचो. एक हात वर जाऊन खाली येईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. त्यांच्याकडून काही धोका असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

इरा आली. मी मागून जाऊन तिचा दंड धरला आणि घोगऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणालो की मुकाट्याने चल. पोट आवळून कोपराची वाट पाहू लागलो. कोपर आलंच नाही. पोरीने पाय रोवले, छातीभर श्वास घेतला आणि अशी किंचाळली की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

"हेल्प! अंकल, आय डोन्ट नो यू!"

पुढचं मी नीट पाहू शकलो नाही, कारण माझं तोंड खांबाला टेकलेलं होतं. आधी नडगीवर भाजीची ट्रॉली आदळली. मग कोणीतरी माझा अंगठा धरून हात पाठीमागे असा पिळला की मला माझे सगळे पूर्वज आठवले. तेवढ्यात उशी घसरून खाली पडली आणि ती मी कुणाच्या तरी घरातून लांबवली आहे, याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं. एकीने पोलिसांना लावायला फोन काढला. माझ्या डोळ्यांपुढे आमचे एम्प्लॉयमेंट पास, परतीची तिकिटं आणि विमानतळावर घ्यायला आलेले सासरे, सगळं एका ओळीत उभं राहिलं.

माझा अंगठा होता दहाव्या मजल्यावरच्या लिम आंटींच्या हातात. त्यांनी इराला विचारलं, "गर्ल, यू नो धिस मॅन ऑर नॉट?"

इराने माझ्याकडे पाहिलं. रेनकोटाखालून डोकावणारा माझा घरातला चट्टेरीपट्टेरी पायजमा पाहिला. तिने मला ओळखलं, हे मला स्पष्ट दिसलं. पण ती जवळ आली आणि चक्क मराठीत (एरवी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत!) हळूच म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मी एकटी जाऊ?"

"इरा, आधी यांना सांग."

"आधी तू सांग."

लिम आंटींनी अंगठा आणखी थोडा फिरवला.

"जा बाई, रोज जा!"

"सॉरी हां आंटी," इरा म्हणाली, "ही इज माय फादर लाह."

मला सोडलं, पण खुलासा द्यावा लागला. मी चिनी युद्धकलेची परीक्षा घेत होतो, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की एकीला ट्रॉलीवर बसवावं लागलं. मी अंगठा चोळत, अतिशय आदराने, लिम आंटींना विचारलं की ही पकड नेमकी कुठल्या घराण्याची. त्या म्हणाल्या, घराणंबिराणं काही नाही, दोन नातवंडं आहेत, दोघंही आंघोळीच्या वेळी पळतात. आणि ताई ची? ते गुडघ्यांसाठी.

वर आल्यावर मी इराला विचारलं, मग शिकलीस त्यातलं काही वापरलं का नाहीस? ती म्हणाली, तेच तर वापरलं. सरांचा पहिला धडाच तो: पाय रोवून उभं राहा, ओरड, संधी मिळाली की पळ. मारामारी सगळ्यात शेवटी. "एवढे लोक असताना कुंग फू कशाला, बाबा?" मला तिचा फार अभिमान वाटला. अंगठा दुखत होता म्हणून अभिमान चेहऱ्यावर दिसला नसेल. मुग्धा खाली जाऊन उशी घेऊन आली.

सोमवारी इरा एकटी शाळेत गेली आणि मी सुजलेला अंगठा घेऊन नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे. कसं झालं, या प्रश्नाला मी गंभीरपणे "कुंग फू" असं उत्तर दिलं आणि डॉक्टर माझ्याकडे आदराने पाहू लागले. तो आदर टिकावा म्हणून मी मुग्धाला बाहेर थांबायला सांगितलं. ती हलली नाही. डॉक्टरांना म्हणाली, "याला एकट्याला कुठे सोडायचं म्हणजे आता मलाच भीती वाटते."