बुरशी लागलेला चंद्र

साहेबांनी स्लाइड खिडकीकडे धरली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "बुरशी. निर्लेखित करा."

निर्लेखित म्हणजे रजिस्टरातून उडवायची आणि जाळून टाकायची. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतली इवलीशी फिल्म; प्रोजेक्टरमधून पडद्यावर मोठी दिसते. सत्तरचं दशक सरत होतं. मी बुलढाण्यात प्रचार खात्याचा प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. पावसाळ्यात स्लाइडवर पांढरे ठिपके येतात, एकीची बुरशी साऱ्या डब्याला लागते, म्हणून हा नियम. नियम बरोबरच होता.

पण ही स्लाइड मुंबईहून कालच आली होती. अमेरिकेच्या यानानं गुरू ग्रहाजवळून काढलेल्या फोटोंपैकी. हा त्याचा एक चंद्र, कॅलिस्टो. काळपट अंग, त्यावर पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे उल्का आदळून पडलेले खड्डे. आणि परवा माझा शो लोणारला, तसल्याच खड्ड्याच्या काठावरच्या गावात!

"साहेब, बुरशी काय गोल आखून वाढते? बाजूचं आभाळ पाहा ना, एक ठिपका नाही."

"रजिस्टरात सही झालीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोट्यवधी मैलांवरून आलेला फोटो, आणि जाळायचा कशासाठी, तर सही झाली म्हणून? मी स्लाइड खिशात घातली आणि "जाळली" म्हणून सांगितलं. खोटं बोललो. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही नाही.

लोणारच्या शाळेत भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून शो केला. साहेब ऐन वेळी पाहुणे म्हणून हजर. गुरूचे रंगीत पट्टे पाहून कुजबुज झाली. मग कॅलिस्टो आला. पुढं बसलेल्या साळूबाई नावाच्या शेतकरीण म्हणाल्या, "काऊन हो भाऊ, तिथं बी आपल्यावानीच पडलं काय?"

"हो मावशी. तिथं तर असे हजारो."

"अन् मी समजत होती, आपल्याच गावाले मार बसला!"

लोक हसले. साहेब उठले आणि म्हणाले, "ही स्लाइड मी खास लोणारसाठी निवडली." टाळ्या! मी दात-ओठ खात बसलो.

आठवड्यानं स्टोअरच्या बाबूनं साहेबांना विचारलं, जळालेली स्लाइड लोणारला दिसली कशी? लगेच मला मेमो, म्हणजे लेखी जाब. निर्लेखित स्लाइड का दाखवली? खाली साहेबांचीच सही!

मी उत्तर लिहिलं, "आपण खास निवडली म्हणून. साक्षीला सारं लोणार आहे."

मेमो पुन्हा दिसला नाही. स्लाइड रजिस्टरात परत चढली, शेरा होता 'बुरशी आढळली नाही'. तेव्हापासून साहेब भाषणाला उठले की मी वही-पेन काढून बसायचो.