मंचावरचं शिलाई मशीन

माझा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा मी धुळ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. लढाई चालू असतानाच जवानांसाठी निधी जमवायला एक समिती उभी राहिली होती आणि तिचा पत्र्याचा डबा गळ्यात अडकवून आम्ही मुली गल्लोगल्ली फिरत होतो. गावानं हात आखडता घेतला नाही. मिलमधल्या माणसांनी एका दिवसाची मजुरी दिली. बाजारात वांगी विकणाऱ्या म्हातारीनं पदराची गाठ सोडली. एका बाईनं तर कानातलं काढून डब्यात टाकलं. मग तार आली, आणि ज्यांच्यासाठी डबा फिरत होता त्यांत आमचंच घर आलं.

वहिनीच्या पदरात दोन लहान मुलं. पेन्शनचे कागद कुठे अडकलेत ते कुणी सांगेना. ती हातानं परकर-पोलकी शिवायची. एका पोलक्यात दिवस जायचा, संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. घरात शिलाई मशीन असतं तर तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. तिला मशीन देणार असल्याचं समितीनं कळवलं, त्याच दिवशी तिनं खिडकीखालची धान्याची कोठी ओढून बाजूला केली आणि ती जागा सारवून घेतली.

समारंभाला मोठा मंडप होता, लाउडस्पीकर होते, पाहुण्यांसाठी गाद्या-लोड होते. अध्यक्ष वीरपत्नीच्या त्यागावर बोलत राहिले आणि वीरपत्नी उन्हात उभी. मशीनला झेंडूचा हार घातला होता. नव्या वस्तूला कुंकू लावायचं ठरलं, तेव्हा चिटणीसांनी वहिनीच्या हातातली वाटी घाईघाईनं काढून घेतली. विधवेनं कसं लावायचं! मग मला वर बोलावलं. मशीनच्या लाकडी फळीवर मी तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं, पण फोटोवाला "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून ओरडायला लागला. शेवटचा हात अर्धाच राहिला आणि ओघळ फळीच्या सांध्यात उतरला.

वहिनीला मशीनपुढे बसवलं, फोटो काढला, टाळ्या झाल्या. "आता उठा," चिटणीस म्हणाले, "थोडे सोपस्कार राहिलेत. मशीन घरपोच येईल." ती उठली.

मशीन आलं नाही. मी चकरा मारल्या. कधी मंजुरी यायची असायची, कधी जीप नसायची. जनतेच्या पैशाचं होतं काय, असं मी एकदा तोंडावर विचारलं तर चिटणीस हसून म्हणाले, "ताई, व्यवस्थेला खर्च लागतोच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंडप म्हणजे व्यवस्था, हारतुरे म्हणजे व्यवस्था, आणि जिचा नवरा गेला तिचं मशीन तेवढं सोपस्कार! तो फोटो मात्र काच-चौकटीसह घरपोच आला. वहिनीनं तो भिंतीला लावला. कुणी दिलेली वस्तू नाकारायची तिला सवय नव्हती. खिडकीखालची जागा तिनं कुणाला वापरू दिली नाही. मुलं तिथे खेळायला बसली की ती त्यांना उठवायची.

वर्ष उलटल्यावर पारोळ्याच्या समारंभाचं बोलावणं आलं. वहिनीनं मंचावर नुसतं बसायचं होतं, मदत मिळालेली बाई म्हणून लोकांना दाखवायला. तिथे या, मग तुमच्या मशीनचं बघू, असंही चिटणीसांनी वर सांगितलं. मी जाऊ नको म्हणत होते. पण आशा वाईट. आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो.

तिथेही तोच मंडप, तीच भाषणं. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली पोरसवदा बाई पदर ओढून उभी होती. तिच्यापुढे हार घातलेलं मशीन. कुंकू लावण्यासाठी कुणीतरी हार सरकवला. फळीवर माझं अर्धवट स्वस्तिक होतं. पुसायचा प्रयत्न झाला होता, पण सांध्यात मुरलेलं तेल जातंय कुठे! मी वहिनीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर आपलं मशीन मागेल. मागितलं असतं तरी तो तिचा हक्कच होता. त्या बाईला मशीनपुढे बसवलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या, चिटणीस तिला म्हणाले, "आता उठा." तेवढ्यात वहिनी खुर्चीतून उठली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी वहिनी म्हणाली, "बहीन, ऊठू नको. मनं मशीन असंच गयं."

"वहिनी, खाली बसा, कार्यक्रम चालू आहे," चिटणीस दबक्या आवाजात म्हणाले. लाउडस्पीकर चालूच होता. अख्ख्या मंडपानं ऐकलं.

"अक्का, त्या मशीन लई जातीन ना," ती बाई घाबरून म्हणाली.

"कोन लई जास ते देखसू," वहिनी म्हणाली. मग मी पुढे झाले, फळीवरचं कुंकू लोकांना दाखवलं आणि वर्षभराचं सगळं ओरडून सांगितलं. अध्यक्षांनी पाणी मागवलं. मंडपातून एक म्हातारा उठला, "मनी गाडी शे बाहेर. बठ्ठा जन हात लावा!" आणि समितीच्या डोळ्यांदेखत माणसांनी मशीन उचलून बैलगाडीत ठेवलं. ती बाई शेजारी बसली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मशीनच्या चाकावरचा हात तिनं काढला नाही.

येताना एस.टी.त मी संतापानं धुमसत होते. "तुझं होतं ते वहिनी, तुझं!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोनले तरी भेटनं ना."

घरी आल्यावर तिनं कोठी पुन्हा खिडकीखाली ओढली. मग फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी तो समितीच्या कचेरीत नेऊन चिटणीसांच्या टेबलावर ठेवला. समितीकडून आमच्या घरी आलेली ती एकच वस्तू होती.