आवसेचं पाणी

‘बुधवार, २६ एप्रिल १९३९. दिवे लागताना विहिरीच्या पंधरा पायऱ्या उघड्या. राजूरहून साप्ताहिक आलं. त्यात आपल्या विहिरीची बातमी. गल्लीतल्या तिघींनी ती माझ्याकडून वाचून घेतली. पाटलांनी उद्या चावडीवर बैठक ठेवली आहे.’

द्वारकाबाईंनी टाक पुसून ठेवला आणि बातमी चौथ्यांदा वाचली. ‘शास्त्रीय मोजणीचा निर्वाळा. टंचाईची ओरड निराधार. ऐन उन्हाळ्यात सतरा फूट पाणी.’ मोजणारे हैदराबादचे कोणी इंजिनियर होते. खाली बारीक टायपात तारीख होती : १९ एप्रिल, सायंकाळ.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं लावलेली रोजनिशीची सवय लग्नानंतर सुटली नाही, मास्तर गेले त्या दिवशीही सुटली नाही. गाव बाईंना मास्तरीणकाकू म्हणे. रोज दिवेलागणीला विहिरीत डोकावून पायऱ्या मोजतात म्हणून हसेही. काठापासून तळापर्यंत पायऱ्या सव्वीस, प्रत्येक एक फुटाची. गावाला गोडं पाणी तेवढंच. बाकीच्या विहिरी खाऱ्या, नाहीतर संक्रांतीलाच आटलेल्या. आणि त्याच पाण्यावर जिनिंगच्या शेठला तेलाचं इंजिन बसवायचं होतं; त्याला गावातर्फे पाटलांची सही हवी होती.

चावडीवर रामराव पाटलांनी छापील कागद सगळ्यांपुढं धरला. “सतरा फूट! यंत्रानं मोजलंय. शेठ शाळेवर पत्रे टाकून देऊन राह्यला, फुकट. मंग अडलं कुठं?”

“मोजणी खरी आहे, पाटील,” द्वारकाबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. “सतराच फूट होतं. मी लिहून ठेवलंय.”

“घ्या! काकूंचीबी सही झाली.”

हशा ओसरेपर्यंत बाईंनी वही उघडली. “अठरा तारखेला तेरा फूट. एकोणीसला सतरा. वीसला पुन्हा तेरा. एका दिवसापुरतं चार फूट पाणी आलं कुठून? पुंजाराम, एकोणीसला तू मोट किती वेळ हाकलीस?”

पुंजाराम म्हणजे विहिरीवरच्या चार मोटकऱ्यांतला थोरला. त्यानं मान खाजवली. “म्या? म्या तं घरीच व्हतो. आवस व्हती ना काकू. आवसंला बैल कोण जुपतं?”

बाईंनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चारी मोटा बंद. झऱ्यानं दिवसभर भरलं, तेवढं साहेबांनी मोजलं. त्यांना आपली अमावास्येची रीत ठाऊक नाही, आणि छापणाऱ्यानं विचारली नाही. मोटा चालू असताना चार दिवस मोजा, मग सही करा. इंजिन काही आवस पाळणार नाही.”

रामरावांनी कागदाची घडी केली. त्यांनाही ते पटलं असावं, कारण ते बाईंकडे बघेनात. “काकू, तुमची वही घरची. हे छापील हाय. उद्या तहसीलात काय दाखवू, पायऱ्या?”

“उचलून न्या की पाटील, गाडी देतो!” मागून कोणी ओरडलं. सगळे हसले, पुंजाराम तेवढा हसला नाही. त्याच बैठकीत सही झाली.

सोमवारी इंजिन सुरू झालं. पहिल्या दिवशी पोरंबाळं बघायला लोटली. दुसऱ्या दिवशी त्याची धडधड घराच्या भिंतींतून ऐकू येऊ लागली. तिसऱ्या दिवशी दुपारीच मोटा अर्ध्याच भरून वर आल्या, तळाला गाळ घेऊन. पुंजारामनं बैल सोडले.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई विहिरीशी गेल्या. घागरी घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. “पानी मचूळ लागून राह्यलं, काकू,” सगुणाबाई म्हणाली. तिची लेक चूळ भरून थुंकली. बाई काठावरून मोजू लागल्या. अकरा वर्षांच्या मोजणीत कधी न दिसलेल्या पायऱ्या वर आल्या होत्या, शेवाळानं काळ्या, अंगाला ओल सुटलेल्या. तेविसावीपाशी नजर थांबली.

रामराव पाटील मागं येऊन उभे राहिले होते. तेही त्या पायरीकडेच बघत होते.

“काकू,” ते हळूच म्हणाले, “शेठला सांगतो मी, आवसंला तरी बंद ठेव म्हणून. कधी हाय पुढली?”

“पंधरा दिवसांनी,” बाई म्हणाल्या. “पायऱ्या तीनच राहिल्यात.”

घरी येऊन त्यांनी कंदील लावला आणि वही ओढली. आधी आकडा लिहिला, मग त्याखाली : ‘दुपारी भरलेल्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली. शिजली नाही.’