नवऱ्याचा उशिरा पोचणारा आवाज

आमच्या इथल्या, आखातातल्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये बोलायचं काम माझं आणि ऐकायचं नवऱ्याचं, अशी वाटणी लग्न झाल्यापासूनची. मी हॉस्पिटलात नर्स, तो हॉटेलच्या अकाउंट्समध्ये. ड्यूटीवरून आले की चपला काढता काढताच माझी टकळी सुरू होते आणि तो ‘हं’ म्हणतो. देवानं गरीब गाय पदरात टाकली, असं मी वसईला आईला फोनवर कौतुकानं सांगायचे.

त्या शुक्रवारी आम्ही चर्चमधून, मिसाहून आलो. मी कालवणाची तयारी करत होते, तर आतल्या खोलीतून याचा हसण्याचा आवाज. दार ढकललं. कानाला हेडफोन, तोंडासमोर माईक आणि लॅपटॉपवर पत्ते.

“जुगार? या देशात? व्हिसा खलास होईल आपला.”

त्यानं घाईनं माईक बंद केला. “पैसे नाहीत गं. खोट्या चिप्सवर पोकर खेळतो आणि लोकांना लाइव्ह दाखवतो. नुकतंच सुरू केलंय.”

“तुला बघतं कोण?”

“असतात दहा-बारा जण. आपल्याकडचेच.” मग त्यानं समजावलं की त्याचा खेळ लोकांपर्यंत मुद्दाम काही मिनिटं उशिरा पोचवायचा असतो. नाहीतर समोरचा खेळाडू तेच बघून याची पानं ओळखायचा.

मी कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात परतले. थोड्या वेळानं तिथूनच ओरडून जेवायचं विचारलं आणि भात लावला. मग राहवेना, म्हणून त्याचा तो कार्यक्रम फोनवर लावून मसाल्याच्या डब्याला टेकवला.

मी थक्कच झाले. हा माणूस बोलत होता! हातातली चांगली पानं का सोडून दिली, समोरचा थापा मारतोय हे कशावरून ओळखलं, सगळं रंगवून, मध्येच कोपरखळी मारत. एवढी वर्षं मी ज्याच्याबरोबर जेवते तो हा नव्हताच. कुणीतरी त्याला लिहून विचारलं, घरीही एवढंच बोलतोस का?

तो हसला. “घरी? घरी माझा नंबर लागेपर्यंत विषय बदललेला असतो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते. माझा डाव कालवणात तसाच राहिला. मी गॅस बंद केला, फोन उचलला आणि आत जाऊन पलंगावर बसले. तो घाबरून लॅपटॉप मिटायला निघाला. मी मानेनंच नको म्हटलं.

“बायको आलीये,” त्यानं लोकांना सांगितलं.

“आत्ता ही पानं का सोडलीस?” मी विचारलं आणि तोंड घट्ट मिटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मीच पुढे बोलेन याची वाट बघत होता. मी बोलले नाही. शेवटी त्यानं घसा खाकरला.

तेवढ्यात माझ्या हातातल्या फोनमधून माझाच आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातला. “जेवायला कधी बसायचं? राहू दे, मी भात लावते.”

आणि त्याच्याखाली दबलेला, त्याचा. “मी काय म्हणतो, आज आपण बाहेर...”

तो मला तेव्हा ऐकूच आला नव्हता.